उद्यमनगरातली जोंगा: सरकारनं स्वतः गाडी का बनवली आणि मग का सोडली?

पंचगंगाकाठचा

गेल्या आठवड्यात पंपाचा एक बुश टर्न करून घ्यायला शिवाजी उद्यमनगरात गेलो होतो. लेथवर आधीच दोघांचं काम, म्हणून चहा प्यायला मागच्या बोळात शिरलो, तर पत्र्याच्या शेडखाली ताडपत्री पांघरलेलं काहीतरी दिसलं. टायर बघून राहवेना. ताडपत्री उचलली आणि बघतच राहिलो: सैन्याची जुनी जोंगा गाडी! मूळचा मिलिटरी हिरवा, त्यावर कुणीतरी ब्रशनं फासलेला ऑइल पेंट, आणि ड्रायव्हरच्या सीटवर, स्प्रिंग आणि काथ्याच्या मधल्या खळग्यात, कोंबडीचं एक अंडं. खोटं सांगत नाही.

आत पत्र्याची छोटी पाटी आहे, तिच्यावर व्हेईकल फॅक्टरी जबलपूर एवढं वाचता येतं. मागच्या बाजूला पेंटच्या खालून जुना नंबर डोकावतो: वर तोंड केलेला बाण, मग ८२, मग एक अक्षर, पुढचं गेलं.

वडील सैन्यात ड्रायव्हर होते. 'जोंगा' हा शब्द आमच्या घरात दुसरीकडं 'गाई-म्हशी' हा शब्द असावा तसा होता. पण आता विचार करतो तर काही गोष्टी कळत नाहीत. देशात महिंद्राची जीप १९४७ पासून होती. मग सरकारला स्वतःच्या कारखान्यात वेगळी गाडी बनवायची गरज का पडली? आणि एवढी दणकट गाडी होती तर बंद का केली?

तिसरा प्रश्न: घेऊ का? मालक जी किंमत सांगतोय ती इथं लिहीत नाही, तुम्ही हसाल.

तांबडापांढरा

अंडं किमतीत धरलंय का वेगळं?

सुभेदार_शिरोळ

पंचगंगाकाठचा, आधी वडिलांना माझा जय हिंद सांगा. कुठल्या युनिटला होते तेही कळवा.

नंबरातलं ८२ म्हणजे गाडी सैन्यानं घेतली ते साल. बाण सैन्याच्या प्रत्येक गाडीला असतोच. म्हणजे तुमची जोंगा १९८२ ची.

आता नावाबद्दल. पोरं समजतात जोंगा हा आफ्रिकेतला शब्द आहे. तसं काही नाही. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली, यातली अक्षरं उचलून जोंगा झालं. गाडी मुळात जपानची निसान पेट्रोल, ६० सिरीज. (यातलं पेट्रोल म्हणजे गस्त. पीत मात्र ती दुसरंच पेट्रोल होती आणि मनसोक्त पीत होती.) १९६५ च्या सुमारास लायसन्सवर जबलपूरला बनायला लागली. व्हेईकल फॅक्टरी तेव्हा नव्हती, ती १९६९ ची. आधीचं काम गनकॅरेज फॅक्टरीत, जी इंग्रजांनी १९०४ मध्ये तोफांचे गाडे बनवायला काढली होती.

महिंद्राची जीप असताना ही कशाला, तर जीपही सैन्य घेतच होतं. पण जीप चार सिलिंडरची हलकी गाडी. जोंगाला सहा सिलिंडर, ३९५६ सीसी, ११० घोडे. १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस (मागं धक्का न देणारी) तोफ वर बसवून ती पळवायची, अँब्युलन्स करायची, वायरलेस सेट आणि चार माणसं घालून चढावर न्यायची, तर अंगात दम पाहिजे. आणि एक गोष्ट बाहेरच्या लोकांना माहीत नसते. आमच्याकडं निसानचाच वन टन ट्रक होता, त्यालाही हेच इंजिन. म्हणजे डोंगरावरच्या वर्कशॉपमध्ये एकाच इंजिनाचे पार्ट ठेवले की दोन जातीच्या गाड्या चालतात. ईएमईच्या, म्हणजे सैन्याच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेच्या, स्टोअरकीपरला याची किंमत विचारा.

नाद_खुळा_४१६

लई भारी माहिती सायेब! परमवीर अब्दुल हमीदनी पाकिस्तानचे पॅटन टँक फोडले ते जोंगावरूनच ना? आणि धोनीनंपण २०१९ ला घेतली की. हिरवीगार. तेव्हापासनं भाव वाढल्यात.

सुभेदार_शिरोळ

नाही रे बाळा. हमीदसाहेबांची गाडी जीप होती. तोफ तीच, १०६ ची, पण खालची गाडी जीप. सप्टेंबर १९६५, खेमकरण. त्या वेळी जोंगा जेमतेम बनायला लागली होती. ही चूक पुष्कळ जण करतात, कारण पुढं तशीच तोफ बसवलेली जोंगा परेडमध्ये बघितलेली असते.

धोनीबद्दल बरोबर. भावाबद्दल मला काय ठाऊक नाही, मी चालवली तेव्हा फुकट होती.

फाउंड्रीवाला

कुणी रागावू नका, पण मला या सगळ्यात वेगळंच दिसतं. माझा शिरोलीत छोटा व्यवसाय आहे, रोज सकाळी उठून गिऱ्हाईक शोधायचं हा आमचा धर्म. कोल्हापूरच्या फाउंड्र्या शेतीच्या इंजिनाच्या पार्टवर उभ्या राहिल्या, ते काम कमी झालं तेव्हा ऑटोकडं वळल्या. वळल्या नसत्या तर मेल्या असत्या, काही मेल्याच.

जबलपूरला व्हेईकल फॅक्टरीबरोबर ग्रे आयर्न फाउंड्रीही सरकारी. म्हणजे ओतकाम सरकारी, मशिनिंग सरकारी, असेंब्ली सरकारी आणि गिऱ्हाईकही सरकारी. गिऱ्हाईक एकच आणि ते कुठं जाणार नाही. अशा ठिकाणी गाडी दणकट होते, खरंय. पण १९६५ ला जी केली तीच १९९५ लाही होते. निसाननं स्वतः ६० सिरीज १९८० मध्ये बंद करून पुढचं मॉडेल काढलं. आपण मात्र तेच इंजिन, तीच बॉडी, तेच पाटे घेऊन बसलो. डाय झिजली की नवी करतो त्याच ड्रॉइंगवर, ड्रॉइंग बदलायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

सुभेदार_शिरोळ

> गिऱ्हाईक एकच आणि ते कुठं जाणार नाही

गिऱ्हाईक गेलं ना साहेब. मारुतीच्या जिप्सीकडं गेलं.

फाउंड्रीवाला

तेच म्हणतोय. गेलं तेव्हा दुसरं कुणी नव्हतं.

वेदगंगा

फाउंड्रीवाला यांचं म्हणणं अर्धं पटलं. पण सुरुवात कुठून झाली ते बघायला हवं. सरकारनं हौस म्हणून गाड्या काढल्या नव्हत्या.

थोडं मागं जाते. १९५० च्या आसपास जपानच्या नव्या राष्ट्रीय पोलीस दलाला जीपसारखी गाडी पाहिजे होती. तीन कंपन्या स्पर्धेत होत्या. काम मिळालं मित्सुबिशीला, कारण त्यांनी मूळ जीप बनवणाऱ्या अमेरिकन विलीजचं लायसन्स घेतलं होतं. हरलेल्या दोघांच्या गाड्या म्हणजे टोयोटाची पुढं लँड क्रूझर झालेली आणि निसानची पुढं पेट्रोल झालेली. थोडक्यात, आपली जोंगा एका हरलेल्या टेंडरची नात आहे.

इकडं व्ही. के. कृष्ण मेनन १९५७ ते १९६२ संरक्षणमंत्री. त्यांचा आग्रह होता की सैन्याला लागतं ते सैन्याच्या कारखान्यांत बनलं पाहिजे. परदेशी चलन नव्हतं आणि ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांमध्ये यंत्रं आणि माणसं दुसऱ्या महायुद्धानंतर अर्धी रिकामी बसलेली. जर्मनीच्या मान कंपनीशी करार करून १९५९ मध्ये शक्तिमान ट्रक जबलपूरला सुरू झाला तो याच धोरणातून. त्यांची टवाळीही भरपूर झाली, की हे मंत्री तोफांच्या कारखान्यात कॉफीची भांडी बनवतात. १९६२ च्या चीन युद्धात मेनन यांचं मंत्रिपद गेलं, पण डोंगरी डिव्हिजन नव्यानं उभ्या राहिल्या आणि त्यांना गाड्या लागल्याच. खासगी कारखान्यांच्या तेव्हाच्या उत्पादनावर ती भूक भागली नसती. मोटारींसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे तो काळ.

तेव्हा 'सरकारनं गाडी का बनवली' याचं उत्तर सरळ आहे. 'का बनवत राहिली' हा खरा अवघड प्रश्न.

पुणेकर_नाइलाजाने

सरकारनं गाड्या, घड्याळं, पाव, हॉटेलं काहीही बनवू नये. विषय संपला.

तांबडापांढरा

पुण्यात विषय संपतो. कोल्हापुरात आत्ता चहा आलाय.

गूळवाला_शाहूपुरी

अवांतर आहे पण निसान आणि सरकार म्हटलं की मला ऑल्विन निसान आठवतो. कुणाला आठवतोय? ऐंशीच्या दशकात मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा न्यायला आमच्या अडतीवर एक होता. चौकोनी तोंडाचा, आतून जपानी गाडीसारखा मऊ. तो आंध्र प्रदेश सरकारच्या हैदराबाद ऑल्विनचा, निसानबरोबर केलेला. कारखाना झहीराबादला. ऑल्विन म्हणजे फ्रीज आणि घड्याळं करणारी कंपनी, वर पुणेकरांनी घड्याळाचं नाव काढलंच आहे.

पुढं तो कारखाना महिंद्रानं घेतला आणि झहीराबाद अजून चालू आहे. म्हणजे निसानच्या दोन सरकारी सोयरिकी, एक जबलपूरला, एक हैदराबादला. एकीला सैन्याचं गिऱ्हाईक होतं म्हणून टिकली तीसेक वर्षं. दुसरीला बाजारात टाटा आणि बाकी जपानी ट्रकांशी झुंजावं लागलं, ती चार-पाच वर्षांत विकली गेली. पण विकली गेली म्हणून वाचली!

ढोल्या_गणपती

आता अवांतरात भर घालतोच. मी कामानिमित्त दोन वर्षं रोमानियात होतो. तिथं हाच खेळ बघितला, फक्त नाव वेगळं: आरो. कंपुलुंग नावाच्या डोंगराखालच्या गावात सरकारी कारखाना. १९५७ मध्ये पहिली गाडी, रशियन जीपच्या वळणाची. १९७२ ला २४ सिरीज आली, ती खरोखर चांगली गाडी, जगभर निर्यात झाली. आणि ती मंडळी नुसत्या सैन्यावर अवलंबून नव्हती बरं का, शेतकऱ्यालाही विकायची, परदेशातही विकायची.

कम्युनिस्ट राजवट गेली आणि गाडी तिथंच थिजली. त्याच जिल्ह्यातली डाचिया १९९९ मध्ये रेनोनं घेतली, आज युरोपभर तिच्या गाड्या दिसतात. आरो २००३ मध्ये एका अमेरिकन माणसाला विकली, २००६ ला दिवाळं. त्या भागातल्या एका खानावळीत म्हातारा मालक मला अंगणातली आरो दाखवून जे बोलला ते भाषेमुळं निम्मं कळलं नाही, पण सूर पंचगंगाकाठच्या घरातला असावा.

त्यामुळं फाउंड्रीवाला, गिऱ्हाईक एकच होतं म्हणून जोंगा संपली हे पुरतं खरं नाही. दहा गिऱ्हाइकं असूनही आरो संपलीच.

फाउंड्रीवाला

हा मुद्दा मान्य. मग असं म्हणू, की नवं मॉडेल काढायला पैसा आणि घाई दोन्ही लागते. आरोकडं पैसा नव्हता, जबलपूरला घाई नव्हती.

गॅरेज_राजारामपुरी

सगळे इतिहासात घुसलाय, गाडीचं बोला की जरा.

मी दोन जोंगा उघडून बघितल्यात. पुढं-मागं दोन्हीकडं सरळ अ‍ॅक्सल, पाटे, हाय-लो चा वेगळा लिव्हर. काहीही नाजूक न्हाई. पाना, हातोडा आणि शिव्या एवढ्यावर काम होतंय. पत्रा असा की डेंट काढायला गेलं तर हातोडीचा दांडा तुटतोय.

पण बंद का झाली ते बॉनेट उघडल्यावर कळतंय. मारुतीची जिप्सी १९८५ ला आली, इंजिन ९७० सीसी. हिशोब करा, एका जोंगाच्या पोटात चार जिप्सी बसत्यात. वजनाला जिप्सी हलकी, चिखलात रुतली तर चार जवान उचलून बाजूला ठेवतील. जोंगा रुतली तर दुसरी जोंगाच लागती. पेट्रोलचं बिल सरकार भरत असलं तरी टँकर त्या डोंगरावर न्यायचा कुणीतरी असतोच की.

सुभेदार_शिरोळ

टँकरबद्दल शंभर टक्के बरोबर बोललात. पण पेट्रोल इंजिनाची दुसरी बाजूही ऐका. लडाखला पहाटे डिझेलचा शक्तिमान सुरू करायचा म्हणजे इंजिनाच्या ऑइल संपखाली आग घालून, दोघातिघांनी अर्धा तास नाचायचं. जोंगाला चोक ओढला, दोनदा खोकली, चालू. साहेबाला सकाळी सहाला निघायचं असेल तर मी पाचला उठायचो, शक्तिमानवाला चारला. तेव्हा आम्ही पेट्रोल किती जातं ते मोजत नव्हतो.

वेदगंगा

शेवट कसा झाला तेही नोंदवून ठेवते. १९९६ च्या सुमारास सैन्याच्या बाहेरच्या लोकांसाठी डिझेल जोंगा काढली होती, अशोक लेलँडचं हिनो बनावटीचं इंजिन घालून. बाजारात विकायचा तो पहिलाच प्रयत्न. डीलर नाहीत, जाहिरात नाही, सर्व्हिस सेंटर नाही. तोवर बाजारात टाटा सुमो आणि महिंद्रा आर्माडा फिरत होत्या. १९९९ मध्ये जोंगा बंद. व्हेईकल फॅक्टरीत मग लेलँडचा स्टॅलियन आणि टाटाचा ट्रक जुळायला लागले, सुरुंगापासून वाचवणाऱ्या गाड्याही बनल्या. १ ऑक्टोबर २०२१ ला ४१ ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या केल्या, त्यात ही फॅक्टरी अवाडीच्या आर्मर्ड व्हेईकल्स निगममध्ये गेली.

आणि पुणेकर, त्या सातातल्या एका कंपनीचं मुख्यालय तुमच्या खडकीला आहे. अजूनही सरकारीच. विषय संपलेला नाही.

पुणेकर_नाइलाजाने

खडकी पुण्यात येत नाही.

नाद_खुळा_४१६

😂😂 जाळ अन् धूर संगटच!

बावडा_घाट

माझा किस्सा ऐका, मग धागाकर्त्याला काय सल्ला द्यायचा तो द्या. २००५-०६ साली मित्राच्या काकांनी लिलावातली जोंगा घेतली होती. पावसाळ्यात आम्ही पाच जण गगनबावड्याला निघालो. काटा अर्ध्यावर होता. काका म्हणाले काट्यावर विश्वास ठेवू नका, पण पुढं म्हणाले जाऊन येऊ आरामात. हे दोन वाक्यं एकाच माणसानं कशी बोलली हे आम्हाला करूळ घाटात कळलं. मधल्या वळणावर गाडी दोन आचके देऊन गप्प. धुकं असं की बॉनेट दिसेना. वरून धो धो.

कोकणातून वर येणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं थांबून विचारलं, काय झालं? पेट्रोल संपलं म्हटल्यावर तो आमच्याकडं नाही, गाडीकडं बघून म्हणाला, "संपणारच की ओ." एका ओळीत इंजिनिअरिंग. बावड्याहून कॅन येईपर्यंत तीन तास आम्ही आत बसून होतो. गळकी ताडपत्री, पण हीटर नसताना इंजिनाची ऊब तासभर पुरली, हे तिच्या नावावर लिहायला पाहिजे.

चूक आमची होती, गाडीची नाही. पण काकांनी दोन महिन्यांत विकली.

तांबडापांढरा

छत्रपतींची मेबॅक वर्षातून एकदा दसऱ्याला निघते, दसरा चौकात सगळं कोल्हापूर बघायला. पंचगंगाकाठचा, तुझी जोंगापण तशीच निघंल. ती मानानं, ही पेट्रोलनं.

गॅरेज_राजारामपुरी

घ्यायचीच असेल तर तीन गोष्टी बघ भावा. एक, लिलावाचा कागद आणि त्यानंतर आरटीओला नोंद झाली होती का. सैन्याचा बाणाचा नंबर रस्त्यावर चालत न्हाई, आणि कागद मधेच तुटला असंल तर तू आयुष्यभर एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर. दोन, इंजिन मूळचं आहे का. बऱ्याच जणांनी डिझेल इंजिनं टाकल्यात, आरसीवर नोंद न्हाई म्हणजे विमा न्हाई. तीन, चासी हातोडीनं टकटक करून बघ, ठण वाजलं पाहिजे. भद वाजलं तर अंडं घे आणि घरी ये.

फाउंड्रीवाला

कार्ब्युरेटरची बॉडी किंवा मॅनिफोल्ड फुटलं असेल तर नमुना घेऊन या. एक नग ओतायचा धंदा होत नाही, पण जोंगासाठी ओतून देईन. माझ्याच बोलण्याच्या विरुद्ध आहे हे, माहीत आहे.

पंचगंगाकाठचा

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.

रविवारी वडिलांना घेऊन गेलो. वय ७८. गुडघ्यामुळं आजकाल देवळातसुद्धा जात नाहीत, पण जोंगा म्हटल्यावर सात वाजता दाढी करून तयार. सुभेदारसाहेब, ते एएससीत (सैन्याच्या रसद-वाहतूक शाखेत) होते, तुमचा जय हिंद पोचवला. त्यांनी उलट विचारलंय, तुम्ही शक्तिमानवाल्याला कधी मदत केली होती का नुसतं बघत होता.

शेडमध्ये गेल्यावर मला वाटलं होतं हात वगैरे फिरवतील, डोळ्यांत पाणी येईल. तसं काही झालं नाही. त्यांनी आधी गाडीला एक पूर्ण फेरी मारली, टायर बघितले, खाली वाकायला येत नाही म्हणून मला वाकायला लावून ऑइल गळतंय का विचारलं. डिपस्टिक काढली, धोतराच्या सोग्याला पुसली, परत घातली, परत काढली. मग मालकाला म्हणाले, "रोज फर्स्ट परेड कोण करतं हिची?" फर्स्ट परेड म्हणजे सैन्यातली गाडीची रोजची सकाळची तपासणी, मालकाला कळेना. म्हणाला, आजोबा, परेड २६ जानेवारीला असते. वडिलांनी त्यानंतर त्याच्याशी बोलणंच सोडलं.

कागद अर्धवट निघाले. लिलावाची पावती आहे, पुढची नोंद नाही. चासी पुढं ठण वाजते, मागं भद.

परत येताना मिसळ खाल्ली. मी विचारलं, काय करू? रश्श्याची दुसरी वाटी मागवून झाल्यावर म्हणाले, "घेऊ नको. तिचा क्लच आता माझ्याच्यानं दाबणार नाही. आणि तुझ्याच्यानं कधीच दाबणार नव्हता."

तर घेत नाहीये. नंबरातल्या ८२ चा फोटो काढून आणलाय. फाउंड्रीवाला, तुमचा शब्द लक्षात ठेवतो, दुसरी कुठं सापडली तर.

सुभेदार_शिरोळ

वडिलांना सांगा, आग घालायला लाकडं मीच आणून देत होतो. भेटू एकदा, शिरोळला या.

तांबडापांढरा

ते सगळं ठीक. अंड्याचं काय झालं?

पंचगंगाकाठचा

रविवारी तीन होती. कोंबडी बसली आहे, मालक म्हणाला तीन आठवडे कुणी सीटवर बसायचं नाही.